‘किडनॅप्ड’मधील दोन खून

(वाचन-मंडळात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या कादंबरीवर झालेल्या चर्चेचा समारोप करताना दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या तीन बैठकांत आपण ‘किडनॅप्ड’ या कादंबरीवर चर्चा करीत आहोत. चर्चा कधी तापली, कधी भरकटली. पण एका साहसकथेवरून कार्यकर्ते इतक्या तळमळीने भांडले, ही गोष्ट मला शुभ वाटते. समारोपाचे काम माझ्याकडे आले आहे. समारोप म्हणजे निवाडा नव्हे. आपण मांडलेली मते मी टिपून ठेवली आहेत. ती एकेक करून तपासावीत आणि त्यांतून आपल्या कामाचे काय हाती लागते ते पाहावे, एवढाच माझा हेतू आहे.

ज्यांना पुस्तक वाचायला सवड मिळाली नाही, त्यांच्यासाठी आधी कथासूत्र सांगतो. काळ १७५१चा, देश स्कॉटलंड. डेव्हिड बॅल्फर या सतरा वर्षांच्या मुलाची आई पूर्वीच गेलेली आहे आणि आता शाळामास्तर असलेला बापही वारला आहे. बापाने मागे ठेवलेली एक चिठ्ठी घेऊन तो कधी न पाहिलेल्या चुलत्याच्या वाड्यावर येतो. चुलता एबेनेझर हा कमालीचा कृपण. वडीलकीच्या हक्काने मिळकत खरे तर डेव्हिडच्या बापाची, म्हणजे आता डेव्हिडची. म्हणून चुलता आधी त्याला अंधारात अर्धवट बांधलेल्या जिन्यावर पाठवून त्याचा कडेलोट करू पाहतो. ते साधत नाही, तेव्हा एका जहाजाच्या कप्तानाला पैसे देऊन त्याला पळवून नेण्याची व्यवस्था करतो. अमेरिकेतील कॅरोलिनाच्या मळ्यांवर या पोराला विकायचे, असा बेत ठरतो. वाटेत ॲलन ब्रेक स्ट्युअर्ट हा बंडखोर हायलँडर जहाजावर येतो. दोघे मिळून खलाशांशी लढतात, पुढे जहाज फुटते, आणि डेव्हिड हायलँड्सच्या डोंगराळ मुलखात जाऊन पडतो. तेथे त्याच्या डोळ्यांदेखत सरकारी कारभारी कॉलिन कॅम्पबेल गोळी लागून मरतो. संशय ॲलनवर आणि डेव्हिडवर येतो. मग दोघांचा रानोमाळ पळ, आणि शेवटी डेव्हिडला वारसा परत मिळणे, असा हा प्रवास आहे.

आता मते पाहू.

पहिले मत असे की हे मुलांचे पुस्तक आहे. कार्यकर्त्याने आपल्या तुटपुंज्या वेळात ते का वाचावे? या मताला खुद्द लेखकाचाच आधार आहे. १८८६ साली मे ते जुलै या काळात ही कादंबरी ‘यंग फोक्स’ या मुलांच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. अर्पणपत्रिकेत स्टीव्हन्सन स्वतःच म्हणतात की हे विद्वानाच्या ग्रंथालयात ठेवायचे पुस्तक नव्हे, हिवाळ्यातील संध्याकाळी मुलांनी वाचण्याचे आहे. परंतु हेन्री जेम्ससारख्या अत्यंत चिकित्सक कादंबरीकाराने १८८८ साली स्टीव्हन्सनवर निबंध लिहिताना याच पुस्तकातील डेव्हिड आणि ॲलन यांच्या भांडणाच्या प्रकरणाची मनापासून वाखाणणी केली. तेव्हा पुस्तक कोणासाठी छापले गेले यावरून त्यात काय आहे हे ठरत नाही. आणि मी तर आणखी पुढे जाऊन म्हणेन की, जमिनीचा खंड कोण देतो, कोणाला देतो आणि का देतो हा प्रश्न मुलांच्या नियतकालिकात इतक्या सरळपणे मांडला गेला असेल, तर त्या नियतकालिकाच्या वाचकांना कमी लेखण्याचे आपल्याला काही कारण नाही.

दुसरे मत अधिक वजनदार आहे. एका साथीने म्हटले की, ही कादंबरी सरंजामशाहीचा उदोउदो करते. ॲलन ज्या आर्डशीलच्या सरदाराचा माणूस आहे, तो १७४६च्या कलोडनच्या पराभवानंतर फ्रान्सला पळालेला जमीनदार. त्याची मिळकत सरकारजमा झाली आहे. कुळे सरकारला खंड भरतात, आणि शिवाय पोटाला चिमटा घेऊन दुसरा खंड गुपचूप त्या परागंदा धन्याला पाठवतात. तो पैसा समुद्रापार पोचवण्याचे काम ॲलन करतो. डेव्हिड स्वतः इंग्रज राजाच्या पक्षाचा, तरी त्यालाही हे उदात्त वाटते. आपल्या साथीचा प्रश्न असा होता की, दुहेरी खंड देणाऱ्या कुळाच्या निष्ठेत उदात्त ते काय? हे तर गुलामीचेच लक्षण.

प्रश्न योग्य आहे. पण त्याचे उत्तर शोधायला इतिहासात उतरावे लागते, आणि तेथे आपली मराठी भाषाच आपल्या मदतीला येते. मराठीत ‘कूळ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. कूळ म्हणजे वंश, घराणे. आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी. हायलँड्सचा अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील इतिहास थोडक्यात सांगायचा तर, पहिल्या अर्थाच्या कुळांची दुसऱ्या अर्थाची कुळे कशी बनवली गेली याचा तो इतिहास आहे. तेथील माणूस आपल्याला सरदाराच्या कुळातला समजत असे. रूढीच्या दृष्टीने जमीन साऱ्या कुळाची होती; सरदार तिचा रक्षक आणि युद्धात कुळाचा पुढारी. कायद्याच्या कागदावर मात्र मालक एकटा सरदारच होता. जोवर सरदाराचे बळ त्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या तलवारींच्या संख्येवर अवलंबून होते, तोवर या दोन समजुतींमधली फट उघडी पडली नाही. रूढीतही जुलूम होता, उच्चनीच भाव होता. ते झाकण्याचे कारण नाही. पण माणसाला जमिनीवरून उठवून लावण्यात सरदाराचा फायदा नव्हता.

कलोडननंतर हे सारे पालटले. हत्यारबंदी झाली, हायलँडचा पोशाख कायद्याने बंद केला गेला, आणि सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार रद्द झाले. सरदाराला माणसांची गरज उरली नाही. गरज उरली ती पैशाची. आर्डशीलची कुळे दुसरा खंड पाठवत होती ती या मोडत चाललेल्या नात्याला धरून राहण्यासाठी. सरकारला दिलेला खंड कायद्याचा होता, परागंदा सरदाराला दिलेला खंड जुन्या शब्दाचा होता. त्यांची शोकांतिका अशी की, पुढच्या दोन पिढ्यांत हायलँड्समधील अनेक सरदार घराण्यांनी हे नाते स्वतःच बाजारात मांडले आणि माणसांच्या जागी मेंढ्या आणल्या. ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने सदर्लंडच्या जहागिरीचे आकडे दिले आहेत. १८१४ ते १८२० या काळात सुमारे ३,००० कुटुंबांतील १५,००० माणसे हुसकावली गेली, गावे पाडली आणि जाळली गेली. १८२५पर्यंत त्या १५,००० माणसांच्या जागी १,३१,००० मेंढ्या चरत होत्या. हे करणारी सदर्लंडची सरदारीण त्या कुळाची प्रमुख होती, परकी नव्हती. म्हणून आपल्या साथीला माझे सांगणे असे की, कुळांच्या निष्ठेला हसू नये आणि तिची आरतीही करू नये. ती निष्ठा खरी होती. मात्र जिच्यावर ती ठेवली होती ती व्यवस्था तिला लायक नव्हती.

तिसरे मत म्हणजे खरे तर एक कुतूहल आहे. अनेकांनी विचारले, कॉलिन कॅम्पबेलवर गोळी कोणी झाडली? हा खून कल्पित नाही. तो १४ मे १७५२ रोजी ॲपिनच्या मुलखात खरोखर घडला. कादंबरीच्या सोयीसाठी लेखकाने तो एक वर्ष मागे घेतला, आणि अर्पणपत्रिकेत तसे सूचितही केले. कॅम्पबेल हा जप्त मिळकतीचा सरकारी कारभारी होता आणि कुळांना बेदखल करण्याच्या कामी निघाला होता. गोळी झाडणारा कोण, यावर स्कॉटलंडमध्ये आजही वाद घातला जातो.

पण साथींनो, त्या वेळच्या न्यायालयाला या प्रश्नाची फारशी फिकीर नव्हती. ॲलन ब्रेक निसटला होता. म्हणून आर्डशीलच्या सरदाराचा सावत्र भाऊ जेम्स स्ट्युअर्ट, जो ‘ग्लेन्सचा जेम्स’ म्हणून ओळखला जाई, त्याला कटातील साथीदार ठरवून पकडण्यात आले. कुळांच्या बेदखलीविरुद्ध त्याने कायदेशीर मार्गाने दाद मागितली होती. सप्टेंबर १७५२मध्ये इनव्हररी येथे खटला चालला. न्यायासनावर कॅम्पबेल कुळाचा प्रमुख असलेला आर्गाइलचा ड्यूक बसला होता. पंधरा ज्यूरींपैकी अकरा कॅम्पबेल होते. ८ नोव्हेंबर १७५२ रोजी जेम्सला बॅलहुलिश येथे फाशी दिली गेली आणि त्याचा देह साखळदंडात कित्येक महिने तसाच टांगून ठेवण्यात आला, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावा म्हणून. गोळी कोणी झाडली हे शोधण्यापेक्षा, दाद मागणाऱ्या माणसाचे काय होते हे मुलखाला दाखवणे सत्तेला अधिक महत्त्वाचे वाटले. आपल्यापैकी ज्यांनी जमिनीच्या लढ्यात काम केले आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

आता या कादंबरीतील दुसऱ्या खुनाकडे वळतो, कारण तीन बैठकांत त्याचा उल्लेख फक्त एका भगिनीने केला. डेव्हिडला पळवून नेणाऱ्या जहाजावर रॅन्सम नावाचा एक पोऱ्या आहे. आपले वय किती हेही त्याला आठवत नाही. अंगावर माराचे वळ आहेत आणि त्याचा त्याला अभिमान वाटतो. जमिनीवरचे जीवन म्हणजे निव्वळ गुलामी, असे खलाशांनी त्याच्या डोक्यात भरवले आहे. म्हणून जहाजावरील छळ त्याला स्वातंत्र्य वाटतो. एका रात्री शुआन नावाचा दारूच्या नशेतला अधिकारी या पोराला ठार मारतो. कप्तानाला वाईट वाटते, पण प्रकरण दडपायचे ठरते. आणि पोऱ्याची जागा रिकामी झाली म्हणून ते काम डेव्हिडला दिले जाते. शुआन पुढे झटापटीत मरतो खरा. पण रॅन्समच्या खुनाचा खटला कोठेही उभा राहत नाही.

साथींनो, आपण डेव्हिडला ‘अनाथ’ म्हणून त्याच्यासाठी हळहळतो. पण त्याच्याजवळ बापाची चिठ्ठी आहे, धर्मोपदेशकाची ओळख आहे, रँकिलरसारखा वकील आहे, आणि कायद्याने त्याची ठरणारी मिळकत आहे. त्याचे अनाथपण तात्पुरते आहे. रॅन्समजवळ यांतले काहीच नाही. चुलत्याने मिळकत बळकावणे ही मालमत्तेची भानगड आहे आणि तिचा निवाडा शेवटी होतो. रॅन्समचा जीव गेला त्याचा निवाडा होत नाही, कारण त्याच्या नावावर भांडण्यासारखे काही नव्हते. पोरे पळवून मळ्यांवर विकण्याचा हा धंदाही लेखकाच्या कल्पनेतला नव्हे. १७४३ साली ॲबर्डीनहून पळवून नेलेल्या पीटर विल्यमसनने अमेरिकेतून परत आल्यावर आपली हकीकत छापली, आणि शहरातील प्रतिष्ठित लोक या व्यापारात गुंतले असल्याचे उघड केले. त्याबद्दल प्रथम त्यालाच शिक्षा झाली. पुढे त्याने दावा लावून नुकसानभरपाई मिळवली, तेव्हा कोठे त्याच्या म्हणण्यावर विश्वास बसला.

तर या कादंबरीत एका कारभाऱ्याचा खून आहे, ज्यासाठी सारा मुलूख घेरला जातो आणि एक निरपराध माणूस फासावर चढतो. आणि एका पोऱ्याचा खून आहे, जो समुद्रात बुडवला की संपतो. लेखकाने या दोन घटना शेजारी मांडून व्याख्यान दिलेले नाही. तुलना करण्याचे काम वाचकावर सोडले आहे, आणि ते काम आपण करायचे.

चौथे मत शेवटाबद्दल आहे. डेव्हिड अखेरीस जमीनदारच होतो, चुलत्याशी तडजोड करून उत्पन्नाचा दोन तृतीयांश हिस्सा घेतो. मग यात क्रांतिकारक ते काय, असा सवाल आला. शिवाय लेखक आपल्या बाजूचा होता काय, असेही विचारले गेले. नव्हता, हे स्पष्ट सांगतो. १८८७ साली, म्हणजे ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर पुढच्याच वर्षी, आयर्लंडमधील शेतकरी आंदोलनाच्या काळात बहिष्कार पडलेल्या एका कुटुंबाच्या घरी, आंदोलकांचा निषेध म्हणून, जाऊन राहण्याचा विचार स्टीव्हन्सन यांनी केला होता. तो प्रत्यक्षात आला नाही, पण त्यांचा कल त्यावरून कळतो. मात्र एंगल्सने १८८८च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात बाल्झाकबद्दल जो विचार मांडला, तो येथेही लागू पडतो. लेखकाची सहानुभूती कोठेही असो, त्याने जग प्रामाणिकपणे पाहिले असेल तर त्याचे लेखन त्याच्या मतांच्या पलीकडे जाते. डेव्हिडच्या बाबतीत तर १८९३ साली आलेल्या ‘कॅट्रिओना’ या उत्तरार्धात लेखकाने त्याला खऱ्या कसोटीला उभे केले. मिळकत मिळाल्यावर तो जेम्सच्या बाजूने साक्ष द्यायला जातो. आणि सत्ताधारी त्याला खटला संपेपर्यंत समुद्रातील एका खडकावर डांबून ठेवतात. पहिल्यांदा त्याला पळवले ते मिळकतीसाठी, दुसऱ्यांदा सत्य दडपण्यासाठी. दुसऱ्या वेळी मिळकत, वकील, ओळखीपाळखी सारे असूनही त्याचा इलाज चालला नाही.

एका भगिनीने तक्रार केली की, या कादंबरीत स्त्रिया जवळजवळ नाहीत. ही तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. ज्या मुलीने रात्री होडी चोरून या दोघांना फोर्थ खाडीपार नेले, आणि जिच्यावाचून ते पकडलेच गेले असते, तिचे नावसुद्धा ‘किडनॅप्ड’मध्ये येत नाही. प्रत्यक्ष इतिहास याबाबत कादंबरीपेक्षा उदार आहे. १८८२ साली स्काय बेटावर ब्रेज येथे, चराऊ डोंगराच्या हक्कासाठी खंड अडवून धरलेल्या शेतकऱ्यांना पकडायला ग्लासगोहून पोलीस आणले गेले, तेव्हा दगड घेऊन पुढे उभ्या राहिलेल्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. त्या लढ्यामुळे १८८३ साली नेपियर आयोग नेमावा लागला, आणि जून १८८६मध्ये क्रॉफ्टर्स कायदा संमत झाला. क्रॉफ्टर म्हणजे जमिनीचा लहान तुकडा खंडाने कसणारा शेतकरी. या कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण मिळाले आणि वाजवी खंड ठरवून घेण्याचा हक्क मिळाला. हा कायदा होत असतानाच ‘यंग फोक्स’च्या अंकांत डेव्हिड आणि ॲलन रानातून पळत होते. ॲपिनच्या कुळांची फिर्याद त्या वाचकांच्या दृष्टीने काही केवळ जुनी गोष्ट नव्हती. एवढे मात्र खरे की, कायद्याने वहिवाट राखली, हिरावून घेतलेली जमीन परत दिली नाही.

या इतिहासाचा आपल्याशी संबंध आहे तो दोन ठिकाणी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. तीत कंपनीच्या बाजूने ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. ७४वीची तर त्या मैदानात मोठी हानी झाली. ज्या मुलखात शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन सरकत होती, त्याच मुलखातून साम्राज्याची फौज भरती होत होती. मुलगा पलटणीत दिला तर बापाची जमीन राखू, अशी आमिषे हायलँड्समध्ये दाखवली जात. असईला आपली माणसे मारणारे आणि स्वतः मरणारे ते तरुण कोठून आले, हे आपल्या शालेय इतिहासात येत नाही.

दुसरा संबंध आपल्या कूळकायद्याचा. १९४८चा मुंबई कूळवहिवाट कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन यांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण किती कुळांकडून ‘स्वखुशीचे’ राजीनामे लिहून घेतले गेले, किती नावे पीकपाहणीतून गळाली, हेही आपण जाणतो. अंगठा उठवणाऱ्या त्या माणसांजवळ कागद वाचून दाखवणारा कोणी नव्हता. या अर्थाने अनाथ असलेली माणसे आपल्या तालुक्या-तालुक्यांत आहेत, आणि त्यांच्या घरी आईबाप जिवंत असतील.

तेव्हा माझी सूचना अशी आहे की, अशी पुस्तके आपल्या यादीतून काढू नयेत. काही साथींना भीती वाटते की, साहसकथेच्या नादाने कार्यकर्ता विचारापासून दूर जाईल. मला उलट वाटते. पुस्तिका वाचून जो विचार तोंडपाठ होतो तो पुष्कळदा तेथेच राहतो. आणि दऱ्याखोऱ्यांतून विरुद्ध पक्षाच्या माणसाबरोबर चालताना डेव्हिडला जे उमगते ते त्याच्या अंगात भिनते. त्याने आपला पक्ष बदलला नाही. पण कुळांनी दुसरा खंड का दिला हे त्याला कळले, आणि म्हणूनच तो साक्षीला उभा राहिला. आपल्यालाही ज्या माणसांमध्ये काम करायचे आहे त्यांच्या निष्ठा, जातीच्या, घराण्याच्या, देवस्थानाच्या, आपल्याला पटणाऱ्या नसतात. त्या का आहेत हे समजून न घेता त्यांच्यावर टीका करणारा कार्यकर्ता गावात दुसऱ्यांदा बोलावला जात नाही.

पुढच्या बैठकीसाठी प्रत्येकाने एकेक कथा-कादंबरी निवडावी आणि तिला तीन प्रश्न विचारून यावे. यात खंड कोण देतो आणि कोणाच्या हाती जातो? खटला कोणावर चालतो? आणि ज्याच्यावर खटला चालत नाही असे मरण यात कोणाचे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला सर्वांत जास्त वेळ लागेल, कारण ते पुष्कळदा एखाद्याच पानात आटोपलेले असते. ते पान शोधून काढण्याची सवय लागली, तर वर्तमानपत्रातील दोन ओळींची बातमीही आपण वेगळ्या नजरेने वाचू.